सातवीतल्या पोराचं काळं पान

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मॅडमचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"ताई, माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या वडिलांनी जीव दिला. कास्तकार होते. पंधरा दिवसांनी मुलगा शाळेत आला, आणि तेव्हापासून चित्रकलेच्या तासाला पूर्ण पान काळ्या तेली खडूने भरतो. खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका तेवढा ठेवतो. दर आठवड्याला हेच. 'एवढं काळं का रे?' असं विचारलं तर 'असंच' म्हणतो. मी त्या पानाचा फोटो आमच्या स्टाफच्या ग्रुपवर टाकला. एक सर म्हणाले, हे डिप्रेशनचं लक्षण आहे. मोबाईलवर मला सारखी एक जाहिरात दिसते. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, फी बावीस हजार, 'सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट', म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करणारा, असं प्रमाणपत्र. रंगांवरून मुलांचं मन वाचायला शिकवतात म्हणे. मुख्याध्यापक म्हणतात, तुम्ही कोर्स करा, आपण अशा घरातल्या मुलांसाठी आर्ट थेरपीचा वर्ग काढू, गेटवर फलक लावू. मी बी.ए., ए.टी.डी. आहे. करू का कोर्स? आणि त्या काळ्या पानाचा अर्थ काय?"

नमस्कार मॅडम,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. त्या पानाचा अर्थ मला माहीत नाही. तुमच्या सरांना माहीत नाही आणि बावीस हजार घेणाऱ्यांनाही माहीत असणार नाही. तो त्या पोराचा आहे, आणि त्यालाही तो अजून शब्दांत धरता येत नसेल.

तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगते. आधी तुमच्याकडची काळी जमीन आली, वखर फिरवून तयार केलेलं वावर. मग रात्र आली. मोटारीला लाइन रात्रीचीच मिळते, हरभऱ्याला पाणी द्यायला बाप निघाला की पोरगं बॅटरी धरायला सोबत जातं. तसं असेल तर तो पिवळा ठिपका बॅटरीचा. मग वाटलं, घरातला दिवा असेल. आणि याहून साधंही काही असू शकतं: शाळेच्या डब्यातले बाकीचे खडू तुटून संपलेत, काळा तेवढा अख्खा उरलाय. चारही अर्थ बसतात ना? पाचवा आणि सहावाही बसेल. म्हणून यातला एकही आपण त्याच्या अंगावर टाकायचा नाही.

हे मी शिकले ते एका पोरीला दुखावून. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी नव्याने समुपदेशनाचं काम करत होते. आई वारलेली, आजीकडे राहणारी नऊ वर्षांची मुलगी. तिने घर काढलं. भिंती नीट, वर टिनाचं छप्पर, पण घराला दारच नाही. माझं नुकतंच वाचून झालेलं होतं. दार नाही म्हणजे मूल कोंडलेलं आहे, बाहेरच्या जगाशी नातं तुटलंय, असं मी ठरवून टाकलं आणि आजीला बाजूला घेऊन तसं सांगितलंही. आजी घाबरली. तिने घरी जाऊन मुलीला खोदून खोदून विचारलं, "तुले कोन कोंडलं वं?" पुढच्या वेळी मुलगी आली ती ओठ मिटूनच. दोन महिने तिने माझ्यासमोर पेन्सिल उचलली नाही. मग एकदा मी त्यांच्या घरी गेले आणि बघतच राहिले. घरकुलाचा पुढचा हप्ता अडकला होता. भिंती झाल्या होत्या, टिनं चढली होती, चौकट बसायची होती. दाराच्या जागी जुनं लुगडं बांधलेलं होतं. पोरीने तिचं घर जसं होतं तसं काढलं होतं. दुःख तिच्या मनात होतंच, पण ते मी म्हणत होते तिथे नव्हतं. मी तिला नुसतं "तुझ्या घराबद्दल सांग ना" असं म्हटलं असतं, तर तिने मला हप्त्याचं सांगितलं असतं आणि कदाचित त्याच्या मागोमाग आईचंही.

चित्रावरून माणूस ओळखण्याची हौस जुनी आहे. घर, झाड, माणूस काढायला लावून स्वभाव तपासायची चाचणी अमेरिकेत १९४८ पासून चालत आली आहे. अशा चाचण्यांवर पुढे भरपूर टीका झाली, कारण एकाच चित्राचे दोन तपासनीस दोन अर्थ लावतात. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असं कोष्टक हातात देणारा कोर्स तुम्हाला त्या आजीच्या दारात उभं करेल, जिथे मी उभी होते. एवढ्यासाठी बावीस हजार घालू नका. तुमच्या पगारातून ते काढणं काय असतं हे मला कळतं.

आता तो फोटो. मॅडम, तो ग्रुपवरून काढून टाका, आणि सरांनाही त्यांच्या मोबाईलमधून काढायला सांगा. तुम्ही काळजीपोटी टाकला यात मला शंका नाही. पण गावात शाळेचा ग्रुप म्हणजे अर्धा गाव. उद्या कोणी त्या पोराला "काय रे, काळंच काढतो म्हणे तू?" असं विचारलं, की त्याचं ते एक पानही गेलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्यात उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. तुमचा वर्ग काही दवाखाना नाही, तरी रीत तीच पाळा. चित्र त्याचं आहे. दाखवायचं की नाही हे तो ठरवेल.

इथे मला एका बाईंची आठवण होते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस, व्हिएन्नाच्या चित्रकार. नाझींनी १९४२ मध्ये त्यांना तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथे त्यांनी आईबापांपासून तुटलेल्या मुलांना चित्रकला शिकवली, जुन्या कागदांवर, मिळेल त्या रंगाने. छावणीत माणसाला नंबर होता. या बाई मुलांना चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावत. १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला पाठवून मारण्यात आलं. जाण्याआधी लपवून ठेवलेली मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मात्र वाचली, आज ती प्रागच्या संग्रहालयात आहेत. त्यांची छावणीच्या आधीची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्येच न्यूयॉर्कला गेली होती आणि आर्ट थेरपीचा पाया घालणाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. क्रेमर एक शब्द वापरायच्या: 'तिसरा हात'. मुलाची माती ढासळत असेल तर तिला आधार देणारा, खडू तुटला तर दुसरा पुढे करणारा, पण मुलाच्या चित्रात स्वतःची रेघ न ओढणारा हात. ए.टी.डी. करताना आपल्याला नेमकं उलटं शिकवलं जातं, रेघ दुरुस्त करायला. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या पोरांसाठी ते बरोबरच आहे. या पोरासाठी तेवढा वेळ तो हात खाली ठेवा.

आर्ट थेरपी हे नाव १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने दिलं. क्षयाच्या रुग्णालयात पडून असताना तो खाटेशेजारच्या वस्तू काढत बसायचा, त्याने बरं वाटतं हे पाहून इतर रुग्णांनाही काढायला लावू लागला. सुरुवात अशी साधी होती. पुढे मात्र तो रीतसर पेशा झाला, आणि त्याचं शिक्षण कसलं असतं ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राचं वजन तुम्हीच कराल. ब्रिटनमध्ये हे नाव कायद्याने राखलेलं आहे, नोंदणीशिवाय कोणी 'आर्ट थेरपिस्ट' लावू शकत नाही. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, पूर्णवेळ केली तर दोन वर्षांची. अमेरिकेतही पदव्युत्तर शिक्षणच लागतं आणि त्यात शेकडो तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढावे लागतात. हे तास एकट्याने काढायचे नसतात. दर आठवड्याला अनुभवी माणसापुढे बसून सांगायचं असतं: आज मी काय केलं, मूल काय बोललं, मला कुठे रडू आलं, मी कुठे घाई केली. याला ते सुपरव्हिजन म्हणतात. शिवाय ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला स्वतःही थेरपी घ्यावी लागते. आपलं दुःख आणि समोरच्याचं दुःख वेगळं ओळखता आलं पाहिजे, म्हणून.

मला स्वतःला विचाराल तर या सगळ्या शिक्षणाचा जीव त्या सुपरव्हिजनमध्ये आहे. दार नसलेल्या घराच्या वेळी मला विचारणारं कोणी असतं, "बाई, तू तिला विचारलंस का?", तर तिचे दोन महिने वाचले असते. पुढे सात वर्षं मी एका प्रशिक्षित आर्ट थेरपिस्टच्या शेजारी बसून काम केलं. तरी मी समुपदेशक आहे, तेवढंच म्हणवते.

आपल्याकडे काय आहे? भारतीय पुनर्वास परिषदेकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते, आर्ट थेरपिस्टचा वेगळा वर्ग तिथे नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत मूव्हमेंट थेरपिस्टच्या नोंदीत आर्ट आणि डान्स थेरपिस्टचा उल्लेख आला आहे. यादीत नाव येणं म्हणजे तीन महिन्यांच्या कोर्सला मान्यता मिळणं नव्हे, जाहिरातवाला तसं म्हणाला तरी. तुम्हाला खरंच या वाटेने जायचं असेल तर आधी मानसशास्त्राचं एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करा, अमरावती किंवा नागपूर विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात, नियमित. पत्राद्वारे करू नका. मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून बंद करायला लावले आहेत. त्यानंतर आर्ट थेरपीचं शिक्षण शोधाल तेव्हा संस्थेला दोनच प्रश्न विचारा: प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास, आणि माझ्यावर देखरेख कोण करणार? उत्तर देताना कोणी अडखळलं तर फोन ठेवून द्या. हा पाच-सहा वर्षांचा रस्ता आहे. नोकरी, घर सांभाळून जमणार नसेल तर त्यात काही कमीपणा नाही.

आणि फलक नको. मुख्याध्यापकांना माझं नाव सांगून सांगा हवं तर. "अशा घरातल्या मुलांचा वर्ग" असं गेटवर लिहिलं की त्या मुलांच्या कपाळावर लिहिल्यासारखं आहे. त्यांच्या आयांना आधीच गावात काय काय ऐकून घ्यावं लागतं. वर्ग जरूर काढा, नाव साधं ठेवा, 'शनिवारची चित्रं' म्हणा. सहा-सात पोरं घ्या, त्यात हे पोरगंही असू द्या आणि ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे अशी दोन-तीनही असू द्या.

हे तुम्ही करू शकता, आणि चांगलं करू शकता. तुमच्याच शेजारच्या जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९४४ मध्ये शांतिनिकेतनातून देवी प्रसाद नावाचे तरुण चित्रकार आले आणि गांधीजींच्या नई तालीम शाळेतल्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं कला शिकवली. मुलाच्या वाढीत कला मुळाशी असते, असं ते मानत. त्यांनी ते उपचार म्हणून केलं नाही, शिक्षक म्हणून केलं. तुम्हीही शिक्षक म्हणूनच करा.

कसं करायचं? वार आणि वेळ बदलू नका. ज्याच्या घरात एका दिवसात सगळं उलटंपालटं झालं, त्याला शनिवारी अकरा वाजता मॅडम असतातच, हे एवढंही धरून राहायला पुरतं. खोली तीच, डबा तोच. प्रत्येकाला नाव घातलेली पुठ्ठ्याची फाईल द्या, कपाटाला कुलूप लावा. सुरुवातीला पाण्याचे रंग काढू नका. ओला रंग पसरतो, हाताबाहेर जातो. ज्याचं आतलं आधीच हाताबाहेर गेलेलं असतं त्याला पेन्सिल, खडू, कातरलेले कागद बरे, ते हाताच्या ताब्यात राहतात. रंग पुढे, तो मागेल तेव्हा.

माती द्यायची असेल तर मात्र एक सांभाळा. वावरातली काळी माती सरळ आणून देऊ नका. ती ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळली की भेगा पडून फुटते. पोराने मन लावून बैल करायचा, सोमवारी येऊन बघायचं तर बैलाची मान तुटलेली. इतर पोरं हसून दुसरा करतील. याला ते सोसेलच असं नाही. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून मळलेली माती आणा, त्यात राख, लीद मिसळलेली असते, ती धरून राहते. तान्ह्या पोळ्याच्या आधी हे केलं तर पोरांना बैल करायला निमित्तही लागणार नाही.

बोलायचं कसं, हे सगळ्यात महत्त्वाचं. "का" विचारू नका. "एवढं काळं का?" म्हटलं की पोराला वाटतं आपलं काही चुकलं, मग "असंच" हेच उत्तर येतं. जे दिसतं ते बोला. "आज तू कोपऱ्यापर्यंत भरलंस." "हा पिवळा दर वेळी असतो." एवढं म्हणून गप्प बसा. गप्प बसणं जड जातं, मला अजून जातं. मग कधीतरी, "याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतं का तुला?" नाही म्हणाला तर बरं म्हणा, आणि त्याच्या शेजारी बसून तुमचं स्वतःचं काहीतरी काढत राहा. काळं पान छान म्हणू नका, वाईटही म्हणू नका. आणि त्याने दुसऱ्या रंगाकडे वळावं म्हणून काळा खडू लपवून ठेवणं तर मुळीच नको. तेच ते चित्र पुन्हा पुन्हा काढणं हे मुलाचं गिळणं असतं, एका घासात न उतरणाऱ्या गोष्टीचं.

आता जिथे तुमची हद्द संपते ते. मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळा सोडू लागलं असेल, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, "बाबांकडे जातो" असं काही बोललं असेल, तर चित्राकडे बघत बसू नका. त्याला एकट्याला घेऊन सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतं का तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मूल मोकळं होतं. हो म्हणालं, किंवा तुम्हाला संशय आला, तर त्याच दिवशी आईला आणि मुख्याध्यापकांना सांगा. त्याला एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात, आशाताईंना सोबत घेऊन तिथे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मूल कधी लैंगिक छळाचं काही बोललं तर पोक्सो कायद्याने ते कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. ते गुपित ठेवायचं वचन कोणत्याच मुलाला देऊ नका. मुलांसाठीचा नंबर १०९८.

आणि आईला भेटा. चित्राबद्दल बोलायला नको, बोरं खायला म्हणून जा. जमेल तेव्हा हळूच बघा, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय. कुलपात नसेल तर ठेवून द्यायला लावा, नाहीतर भावकीतल्या कोणाच्या तरी गोठ्यात हलवा. या एका कामाने जीव वाचतात. त्या माउलीलाही कोणीतरी विचारलं पाहिजे, तिला झोप लागते का म्हणून.

तुम्ही लिहिलंय, "माझ्याकडे डिग्री नाही तर माझा काय उपयोग." मॅडम, विदर्भातल्याच ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते लोकांशी बोलत, पहिला आधार देत; त्यांच्या वर थोडे शिकलेले समुपदेशक; आणि जड केस असेल तर मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेले शंभरात ४ होते, दीड वर्षात ते २७ झाले. गावातला कार्यकर्ता स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हता. आपली पायरी कुठली आणि पुढची कोणाची, हे त्याला ठाऊक होतं. तुमची पायरी शनिवारची आहे. पुढच्या पायरीचा माणूस आजच शोधून ठेवा: जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला एकदा जाऊन भेटा, नंबर घ्या, आणि महिन्यातून एकदा तुमच्या मनातलं त्यांच्यापुढे मोकळं करा. पोराचं नाव न सांगताही ते करता येतं. तुमचं सुपरव्हिजन ते.

बावीस हजारांतले हजारभर काढा. सुटे तेली खडू, पुठ्ठ्याच्या फायली, एक कुलूप. दुकानदार पूर्ण डबाच गळ्यात मारेल, तरी सुटे मागा, आणि काळे चार जास्त घ्या. त्याचा संपत आला असेल.